माझ्या बाजूने चालतंय

दुपारी दोनला जंगलातल्या आगीचा धूर गावाच्या काउन्सिलच्या कचेरीच्या खिडकीपर्यंत आला, तेव्हा कोणते रस्ते उघडे आणि कोणते बंद हे सांगणारी साइट पाऊण तास आंधळी होती. वेब सर्व्हर डेटाबेसचं दार ठोठावत होता आणि दर वेळी एकच उत्तर येत होतं: कनेक्शन नाकारलं.

लोकांना याचा पत्ता नव्हता. विभागप्रमुख लिनेटच्या हुकमावरून, वेबचं काम बघणाऱ्या ब्रेंटने साइटवर सव्वा वाजताचं साठवलेलं पान लावून दिलं होतं. "एरर दिसली की लोक आपल्याला हसतात," ती म्हणाली होती. "आणि याची वाच्यता नको."

"दार तुझ्याच बाजूने बंद आहे, वॉरिक," ब्रेंट पाचव्यांदा म्हणाला.

शेजारच्या टेबलावरचा वॉरिक तीस वर्षं डेटाबेस सांभाळत होता आणि तेवढीच वर्षं वेबवाल्यांना नावं ठेवत होता. "हे बघ, रस्ते मागितले. मोजून एकशे बारा आले. माझ्या बाजूने चालतंय, पोरा. तुझ्या रंगीत चित्रांत शोध काय ते."

तो डेटाबेसच्याच मशीनमध्ये शिरून डेटाबेसला विचारत होता. आत बसलेल्याला दार कशाला अडवेल? पण एवढं साधं त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मग तो उठला आणि चष्मा चढवून ब्रेंटच्या स्क्रीनवर वाकला.

"अरे, साइट तर उघडतेय! सगळे रस्ते दिसतायत की! पाऊण तास माझं डोकं खातोयस!" त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. "नोएलीन, निघ आता. कुत्र्याला गाडीत घाल आणि वॅटल क्रीकच्या रस्त्याने ये. उघडा आहे, समोर दिसतंय मला... धूर असू दे गं, मी सांगतोय ना!"

ब्रेंटने तोंड उघडलं आणि मिटलं. लिनेटची मनाई होतीच, पण तो गप्प बसला तो तिच्यासाठी नव्हे. बायकोसमोर एकदा या म्हाताऱ्याची फजिती होऊ दे, असं त्याला वाटलं. आणि तसं वाटून बरंही वाटलं.

चष्मा तिथेच टाकून वॉरिक चहा करायला गेला. ब्रेंटने खुर्ची त्याच्या टेबलाशी सरकवली. जेवणाआधी वॉरिकनेच केलेल्या अपडेटने एक ओळ बदलली होती: डेटाबेसने फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकावं. आगीच्या नोंदी त्याच मशीनवर चढत होत्या, बाहेर मात्र एकही पडत नव्हती. ब्रेंटने ओळ सुधारली, डेटाबेस पुन्हा सुरू केला आणि आपल्या जागी परत आला.

पान ताजं झालं. वॅटल क्रीक रस्ता लाल होता. एक चाळीसपासून बंद. दोन्ही टोकांना आग.

"चालतेय ना साइट?" वॉरिक चहाचा मग घेऊन मागे येऊन उभा राहिला. "काय म्हणत होतो मी? माझ्या बाजूने काही नव्हतंच." तो डोळे बारीक करून वाकला. "ते लाल काय आहे रे? माझा चष्मा कुठे गेला?"

चष्मा कीबोर्डशेजारीच होता. ब्रेंटने हात ठेवून तो झाकला.