टोक आधी पुसायचं असतं

कारखान्यात नव्याने आणलेल्या, धार तपासणाऱ्या कॅमेऱ्याने सकाळपासून पाचवं टूल बाद ठरवलं, तेव्हा तात्यांना हसू आवरेना. तीस वर्षं लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काढलेला हा माणूस कापण्याचा नुसता आवाज ऐकून टूलची धार गेली की राहिली ते सांगायचा. आणि हा डबा पाच धडधाकट टूलं भंगारात काढायला निघाला होता.

"संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर परत न्या म्हणालेत साहेब," कॅमेरा घेऊन आलेली इंजिनिअर मुलगी म्हणाली. दोन वर्षं खपून तिने तो बनवला होता. चेहरा पार उतरला होता तिचा.

चूक कुठे होती ते तात्यांनी पहिल्याच टूलला ओळखलं होतं. टोकावर तेल राहतं, त्यावर दिव्याचा उजेड पडला की ते चकाकतं, आणि कॅमेरा समजतो धार झिजली. तात्या कुठलंही टूल बघण्याआधी चिंधीने पुसत. हात आपोआप जायचा. पण त्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. डबा गेला की पुन्हा त्यांचाच शब्द शेवटचा.

खरी गोष्ट मात्र त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. वर्षभर त्यांना टोक नीट दिसतच नव्हतं. ते नुसतं बघितल्यासारखं करत. गेल्याच आठवड्यात कानाने दगा दिला, बोथट टूल तसंच चालत राहिलं आणि कातलेले चाळीस शाफ्ट वाया गेले. सगळ्यांनी लोखंडाला नावं ठेवली. तात्यांनीही ठेवली, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

मुलगी वायरी गुंडाळू लागली.

"अगं, आधी पुसून तर घे ते," तात्या बोलून गेले.

तिने त्यांच्याकडे बघत चिंधी घेतली. टोक पुसून पुन्हा कॅमेऱ्याखाली धरलं. कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यावर तळहाताएवढी मोठी धार उमटली, स्वच्छ, सरळ. खाली हिरवी अक्षरं आली: चालेल.

"तात्या, हे माहीत होतं तुम्हाला?"

तात्या पडद्याच्या अगदी जवळ गेले होते.

"कडेला बारीक ओरखडा आहे बघ," ते हळूच म्हणाले. "वर्षभराने दिसतंय मला टोक."

तिने पडदा उचलून त्यांच्या लेथपाशी, त्यांच्या उंचीला आणून ठेवला.

"इथून दिसतं?"

"दिसतं." तात्यांनी हात पुसले. "चल साहेबांकडे. कॅमेऱ्याचं तू सांग, डोळ्यांचं मी सांगतो."