पुसलेली जागा

पहिला घाव खांद्यावर बसला, म्हणून लेलँड हॅवरकँपला मागे वळून बघता तरी आलं. दुसऱ्या खेपेला ब्राइसचा नेम चुकला नाही. लोखंडी पाना म्हाताऱ्याच्या कानामागे बसला आणि तो गॅरेजच्या दारासमोर पालथा पडला. त्याच्या हातातल्या रूट बिअरच्या दोन्ही बाटल्या फुटल्या. ब्राइसने पडलेल्याला आणखी दोनदा हाणलं, तेव्हा कुठे त्याचा राग निवला.

राग बऱ्याच वर्षांचा होता. घरांच्या दारांवर लावतात त्या कॅमेऱ्यांची ऑपरेटिंग सिस्टीम हे दोघं लिहीत. तिच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, प्रोग्रॅमना मेमरीतली जागा वाटून देणारा कोड लेलँडचा होता. जुना आणि नको तितका गुंतागुंतीचा. प्रोग्रॅमने जागा परत केली की तो ती लगेच पुसायचा, आणि दुसऱ्याला देताना पुन्हा पुसायचा. ब्राइसचं म्हणणं साधं होतं. देताना पुसतोच, मग परत घेताना कशाला? त्याने निम्मा कोड उडवला आणि बदल लेलँडकडे पाठवला. त्याच्या होकाराशिवाय काही आत जात नसे.

"वर्ग सुटला की फळा पुसून जायचं असतं, बाळा," लेलँडने सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं. "तुझ्या बाईंनी शिकवलं नाही वाटतं."

नकार एकदा नाही, पाच वेळा आला. पाचवा वाचून कँटीनमध्ये लोक हसले. ब्राइस भरल्या ताटावरून उठला.

शनिवारी दुपारी पोर्टलंडबाहेरच्या, फरच्या झाडांमागे एकट्याच उभ्या असलेल्या त्या घरी तो फक्त बोलायला गेला होता. निदान स्वतःला त्याने तसं बजावलं होतं. पाना मात्र कोटाच्या खिशात होता.

"बरं झालं आलास," लेलँड म्हणाला होता आणि आतून दोन बाटल्या घेऊन आला होता. या माणसाने आजवर कुणाला साधं पाणी विचारलं नव्हतं. "आधी डोकं थंड कर. मग ते बघ." बाटलीनेच त्याने दाराकडे खूण केली आणि पाठ फिरवली.

हा मला दार दाखवतोय. ब्राइसच्या मस्तकात तिडीक गेली.

आता त्याची नजर वर गेली. चौकटीवर कॅमेरा होता. असणारच. कुठलाही बदल मंजूर केला की लेलँड तो आधी स्वतःच्या दारावर चालवून बघायचा, मग गिऱ्हाइकांच्या. तार उपटली असती तर कंपनीत लगेच सूचना गेली असती. ब्राइसने लेलँडचा फोन काढला, त्याचाच अंगठा रक्त पुसून त्यावर टेकवला, रेकॉर्डिंग उडवलं आणि कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम थांबवला. राहता राहिली मेमरी. ती तर म्हाताऱ्याच्या हट्टापायी परत येताक्षणी पुसली जात होती. ब्राइसला हसू आलं.

सोमवारी पोलीस तपास अधिकारी रमोना टटल ऑफिसात आली.

"तुम्ही त्या कोडमधले जाणकार म्हणे," ती म्हणाली. "रेकॉर्डिंग उडवल्यावर कॅमेऱ्याच्या मेमरीत काही उरतं का हो?"

"शक्यच नाही. परत आलेली जागा लेलँड कोरी करून ठेवायचा. त्यासाठी बिचारा माझ्याशीसुद्धा भांडला."

"ऐकलंय ते." तिने एक चित्र टेबलावर सरकवलं.

अर्ध्या भागात नुसत्या रेघोट्या होत्या. उरलेल्या अर्ध्यात ब्राइस होता, पाना डोक्यावर उगारलेला.

"हे..." ब्राइसने चित्र जवळ ओढलं. "हे राहिलं कसं?"

"शनिवारी सकाळी लेलँडने तुमचा बदल मंजूर केला," टटल म्हणाली. "आणि नेहमीप्रमाणे आधी स्वतःच्या दारावर चढवला."