बोटभर कड

चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेल्या सासऱ्याला जावयाने बोलावलं ते लाकडी खोक्यातल्या जुनाट टीव्हीला कॉम्प्युटर जोडायला. घरून काम करणाऱ्या या दीडशहाण्याला साधा मॉनिटर मिळमिळीत वाटत होता. “जावईबापू, हा पडदा चारी बाजूंनी बोटभर चित्र खातो. कडेचं काही दिसणार नाही,” सासऱ्याने बजावलं. “कडेला कचराच असतो, मामा. तुमचा जमाना गेला.” सासऱ्याने वायर जोडली. मीटिंग सुरू झाली. पडद्यावर साहेब बोलू लागला. जावई खुर्चीत रेलून म्हणाला, “बघा मामा, हा आमचा बैलोबा. अक्कल गहाण टाकून साहेब झालाय. घाबरू नका, माझा माइक बंद आहे.” साहेब बोलता बोलता थांबला. “बंद असल्याची खूण कुठे दिसते?” सासऱ्याने विचारलं. “खाली, कोपऱ्यात.” सासऱ्याने लाकडी चौकटीवर टिचकी मारली. “म्हणजे कचऱ्यात.”