विमानाची पूजा

गुलाबरावांनी विमान परत गोठ्यात घातलं.

गोठा लॅपटॉपच्या पडद्यावरचा होता, विमानही पडद्यावरचंच. म्हणून कोणाचं काही गेलं नाही. आटलं ते समीक्षाचं रक्त. डोणगावच्या शाळेत ती तासिकेवर विज्ञान शिकवायची आणि शाळा सुटली की संस्थाध्यक्ष गुलाबरावांच्या ओसरीवर बसून त्यांना विमान शिकवायची. सव्वीस जानेवारीला शाळेचा रौप्यमहोत्सव होता. त्या दिवशी साहेबांना स्वतःच्या हाताने रिमोटचं विमान उडवून पाहुण्यांवर फुलं टाकायची होती. नववीच्या मुलांनी विमान केव्हाच तयार केलं होतं. तयार नव्हते ते साहेब.

आणि साहेबांनी साफ सांगून टाकलं होतं. विमान नीट उतरलं तर समीक्षाच्या कायम नेमणुकीच्या प्रस्तावावर सही. पडलं तर जूनपासून दुसरी मॅडम. सात वर्षं ती या सहीची वाट बघत होती. आता ती सही एका माणसाच्या दोन अंगठ्यांवर लटकली होती, आणि ते अंगठे असे.

"साहेब, विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे असते. तेव्हा दांडी उलटी ओढायची."

"मॅडम, तीस वर्सं संस्था चालवून राह्यलो. मले उजवं-डावं नका शिकवू."

विमान परत गोठ्यात.

सिम्युलेटरवर विमान मोडलं की बटण दाबायचं, नवं कोरं विमान धावपट्टीवर हजर. साहेबांना ते एक बटण तेवढं झकास जमलं होतं. जन्मभर केलं काय होतं दुसरं? मोडायचं आणि नवं मागवायचं. एकदा रागाच्या भरात त्यांनी लॅपटॉपला जोडलेला रिमोटच फरशीवर आपटला. एक कोपरा उडाला, बाकी चालू होता. पण फुटका रिमोट अध्यक्ष कसा धरणार? तसलाच नवा आणवला. फुटका त्यांच्या बायकोने, रेणुकाबाईंनी, उचलून आत नेला.

रेणुकाबाई म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात सुपावर वाकलेली एक मान. तूर निवडायच्या, चहा आणायच्या, कप न्यायच्या. या घरात त्यांना कोणी काही विचारायचं नाही, त्यामुळे उत्तर द्यायची वेळही यायची नाही. महिन्याभरात त्या एकदाच बोलल्या.

"पोरी, रिमोट दोन असले त मंग इमान ऐकते कोनाचं?"

समीक्षा आधीच वैतागलेली. तिने तुटक सांगितलं, "शेवटी ज्याच्याशी जोडलं त्याचं. पोटाखालचं बटण दाबून धरायचं, रिमोट चालू करायचा, जोडलं गेलं. मग दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही."

"बरं हाय बाई त्याचं," म्हणून त्या कप उचलून आत गेल्या.

लॅपटॉप साहेबांच्याच घरी राहायचा. एका संध्याकाळी समीक्षाने तो उघडला तर विमान धावपट्टीच्या मधोमध उभं. अख्खं. वर सेटिंगमध्ये आडवा वाराही लावलेला. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, घसा खाकरला.

"दुपारी बसलो होतो मी. तुमी नसल्या की जमते मले."

आणि तिच्या देखत विमान गोठ्यात घातलं. खोट्या विमानाबद्दलही खोटं बोलणारा माणूस, तिच्या मनात आलं. याला ब्रह्मदेव आला तरी शिकवू शकणार नाही.

मग तिने लाज गुंडाळून ठेवली. खरं विमान गुपचूप आणलेल्या स्वतःच्या वेगळ्या रिमोटशी जोडलं आणि माळावर नेऊन उडवून पाहिलं. साहेबांच्या रिमोटचा दिवा लागेल, दांड्या हलतील, पण विमान त्यांचं ऐकणार नाही. ती पाण्याच्या टाकीमागे कापडी पिशवीत हात घालून उभी राहणार. टाळ्या त्यांच्या, सही तिची.

पंचवीसला संध्याकाळी साहेबांनी विमान घरी नेलं. ट्रॅक्टरची पूजा होते, मग विमानाची काऊन नाई, म्हणाले. सकाळी विमान मैदानावर आलं ते नाकाला हळदकुंकू लावून, शेपटीला लिंबू-मिरची बांधून. समीक्षाने मनातल्या मनात शिव्या घालत लिंबू सोडलं. त्या वजनाने शेपटी खाली बसली असती.

थंडी कडक होती. पहिल्या रांगेत पाहुणे आणि शाल पांघरून रेणुकाबाई. साहेब फेटा बांधून मैदानाच्या मधोमध. समीक्षा टाकीमागे. तिने पिशवीत रिमोट चालू केला आणि खूण व्हायची वाट बघू लागली.

खूण झाली. विमान धावलं.

समीक्षाने अजून दांडी सरकवलीच नव्हती.

विमान उचललं गेलं. तिने घाईने दांडी ओढली, काही झालं नाही. दुसरी ओढली. विमान आपल्याच तालात वर चढत राहिलं. सात वर्षं आभाळात गेली होती आणि तिच्या हातात नुसतं खेळणं उरलं होतं. तिने साहेबांकडे पाहिलं. म्हणजे हा माणूस खरंच शिकला?

विमान शाळेला वळसा घालून लोकांकडे तोंड करून आलं. साहेबांनी दांडी डावीकडे दाबली, रोजच्यासारखी चुकीची. विमान दांडीच्या उलट, अलगद स्वतःच्या उजव्या अंगाला वळलं, पाहुण्यांवर झेंडूच्या पाकळ्या टाकून पुढे गेलं, वाऱ्याला नाक देऊन खाली आलं आणि चुन्याच्या रेघेवर उतरून साहेबांच्या पायापाशी थांबलं.

मैदान उठून उभं राहिलं. साहेबांनी माइक घेतला.

"सरावाची गोष्ट हाय," ते म्हणाले. "मनावर घेतलं की जमते. मॅडमची सही आजच करतो."

सगळे टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत रेणुकाबाई तेवढ्या बसून होत्या. त्यांनी शालीखालून एका कोपऱ्याने फुटलेला रिमोट हळूच काढला, खुर्चीखालच्या पिशवीत टाकला, आणि मग उठून त्याही टाळ्या वाजवू लागल्या.