पांढरा ठिपका

भर दुपारी मेस्त्रीनं थोरल्या भावाच्या गाडीच्या इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि क्लच काढून बायकोच्या गाडीला बसवले. गाड्या वेगळ्या, पण बोल्टांची सहाच्या सहा भोकं अशी जुळली, की त्याला हसूच आलं. दादाला जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हापासून ते इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं.

बायको गाडी घेऊन चक्कर मारायला गेली आणि कोपऱ्यात काहीतरी हललं.

ज्या दांड्यावरून फ्लायव्हील काढलं होतं, तो दांडा फिरत होता. खुणेसाठी त्यावर लावलेला पांढरा ठिपका मुकाट्यानं गोल जात होता. मेस्त्री स्टूल ओढून बसला. भीती वाटायला हवी होती, पण डोळ्यांवर नुसती गोड पेंग आली. ठिपका दमल्यासारखा मंदावला, म्हणजे ती पुलाच्या चढावर असणार. मग हलका झाला, म्हणजे उतार लागला.

"अहो, झोपलात की काय?" बायको दारात उभी राहून बोटाभोवती किल्ली फिरवत होती. "क्लच अगदी लोण्यासारखा झालाय. तुमच्या दादांची वस्तू तुमच्यापेक्षा समजूतदार निघाली!"

तिच्या मागे अंगणात गाडी बंद उभी होती.

ठिपका फिरतच होता. वळणावर तो रेंगाळला, गल्लीच्या तोंडाशी दादा करायचा तसा हळू झाला, आणि थांबला.

फाटकाबाहेर दोनदा हॉर्न वाजला.

"फाटक उघडा ना," बायको मागे न बघता म्हणाली, "दादा आलेत."