बरोबर आलेलं उत्तर

अशी कल्पना करा, तुम्ही चौथीच्या वर्गात बसला आहात. धडा संपला की बाई पाच प्रश्न विचारतात आणि सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून पाटी वर धरायची. प्रणोती मात्र आधी शेजारच्या श्रावस्तीच्या पाटीत डोकावते, मगच लिहिते.

“भाजलं तर आधी काय करायचं?” शुक्रवारी बाईंनी विचारलं. प्रणोतीचं उत्तर बरोबर आलं.

रविवारी आई गिरणीवर गेली होती आणि धाकट्या भावाच्या हातावर उकळता चहा सांडला. “ताई, काहीतरी कर ना गं!” तो किंचाळला. प्रणोतीला ते उत्तर काही केल्या आठवेना. तिने टूथपेस्ट थापली.

हातावर टपोरे फोड आले. “आधी नळाखाली हात धरायचा, पोरी,” डॉक्टर म्हणाले. “शाळेत सांगितलं नाही का?”

“सांगितलं होतं,” एवढंच ती म्हणाली.

सोमवारी बाई प्रश्न विचारणार, तोच ती उठली. “बाई, शुक्रवारचं उत्तर मी श्रावस्तीचं बघून लिहिलं होतं.”

“कॉपीबहाद्दर!” मागून कुणीतरी ओरडलं.

प्रणोतीने दप्तर उचललं आणि दाराजवळच्या रिकाम्या जागी ती एकटीच जाऊन बसली. “आता विचारा, बाई.”