म्हशीचं पाणी

आमच्या महिला दूधसंस्थेचा परदेश दौरा मंजूर झाला आणि विमान सुटेस्तोवर दुष्काळानं गावातल्या दावणी रिकाम्या केल्या. शेवटची, अध्यक्ष मुक्ताबाईंची म्हैसही आष्टीच्या बाजारात गेली. तरी मुक्ताबाई आणि मी, आम्ही दोघी ॲमस्टरडॅमला पोचलो. तिथल्या गोठेवाल्या जोडप्यानं दिवसभर होडीतून शहर दाखवलं, संध्याकाळी कालव्याकाठच्या हॉटेलात जेवू घातलं. जेवण संपताच मुक्ताबाईंनी सगळ्यांच्या गिलासातलं उरलेलं पाणी बाटलीत ओतून घेतलं. यजमानबाईनं सोबतच्या दुभाष्याला विचारायला लावलं, "हे कशाला?" "म्हशीला," मुक्ताबाई सवयीनं बोलून गेल्या. बाई कौतुकानं हसली. "दूध किती देते?" मुक्ताबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. "लई देती," त्या म्हणाल्या. निघताना त्या कालव्याच्या कठड्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वाकून, एक थेंबही बाहेर सांडू न देता, त्यांनी ते पाणी काठोकाठ भरलेल्या कालव्यात ओतलं.